बुरशीचा ठाव घेणारे डॉक्टर : हेन्री व्हँडाइक कार्टर

वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला शरीररचनेचे पुस्तक कोणते, असे विचारले तर तो बहुधा ग्रेच्या पुस्तकाचे नाव सांगेल. १८५८ साली लंडनमध्ये निघालेले हे पुस्तक आजही नव्या नव्या आवृत्त्यांनी निघते आहे. आपल्या या बेटावरच्या ज्या मराठी घरांतील मुलेमुली डॉक्टर झाली, त्या घरांतही हे जाडजूड पुस्तक कपाटात सापडेल. त्या पुस्तकातील चित्रे काढणारा हात पुढे तीस वर्षे मुंबईत आणि साताऱ्यात राबला, आणि शेतकऱ्याचा पाय खाणाऱ्या एका रोगाचे मूळ त्याने उकलून दाखवले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्या डॉक्टरांचे नाव हेन्री व्हँडाइक कार्टर. या आठवड्यात त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे चरित्र निवडण्यास कारणही आहे. आम्ही हिद्दकर मंडळी मुहर्रक बेटाच्या आग्नेय टोकाला, समुद्राच्या काठी राहतो. उन्हाळ्यात इथला दमटपणा अंगाला चिकटून बसतो. गोदीत आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांचे पाय दिवसभर जाड बुटांत कोंडलेले असतात. गजकर्ण, नायटा, शिबे, पायाच्या बोटांतल्या चिखल्या यांची तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्याच्या सामानात मलमाच्या दोन नळ्या हमखास मागवलेल्या असतात. मलम लावले की खाज थांबते आणि महिन्याभराने पुन्हा सुरू होते. औषध आहे, तरी रोग हटत नाही, असे का व्हावे? बुरशी बसते कोठे आणि औषध पोचते कोठवर, या दोन गोष्टींत त्याचे उत्तर आहे. त्यांतली पहिली गोष्ट एका मोठ्या रोगाच्या बाबतीत कार्टरांनी मुंबईत शोधली. दुसरी साधण्यासाठी डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ अजून झगडत आहेत.

चित्रकाराचा मुलगा

कार्टरांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या बंदरगावी झाला. बालपण गेले स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगांत समुद्र आणि जहाजे रंगवणारे चित्रकार होते. भाऊही चित्रकार झाला. हेन्रींचे व्हँडाइक हे मधले नावसुद्धा एका थोर चित्रकाराचे. घरात पैसा बेताचा, पण पेन्सिल आणि कुंचला हातात धरायला मुले बोलण्याबरोबरच शिकली.

हेन्रींनी डॉक्टर व्हायचे ठरवले आणि कोवळ्या वयातच ते लंडनला आले. सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये शरीररचनेचा खास अभ्यास करण्याची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. तेथे रिचर्ड ओवेन आणि जॉन क्वेकेट यांच्या हाताखाली ते शिकले. क्वेकेट हे सूक्ष्मदर्शकाच्या कामातले मोठे जाणकार होते. शरीराचा पातळ काप कसा घ्यावा, काचेवर कसा ठेवावा, आणि दिसले तेवढेच कागदावर कसे उतरवावे, हे कार्टर तेथे शिकले. पुढे मुंबईत जे झाले त्याची पायाभरणी ही अशी झाली.

स्वभावाने ते लाजरे, धर्मनिष्ठ आणि स्वतःला सतत तपासणारे होते. त्यांची रोजनिशी लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. आपण आळशी आहोत, आपल्या हातून काही होत नाही, अशी खंत त्या तरुणाला पानोपानी छळताना दिसते. ज्या दिवसांत त्यांना असे वाटत होते, त्याच दिवसांत ते जगप्रसिद्ध पुस्तकाची चित्रे काढीत होते.

ग्रेचे पुस्तक

सेंट जॉर्जेसमध्ये हेन्री ग्रे नावाचे हुशार, महत्त्वाकांक्षी शल्यवैद्य होते. विद्यार्थ्यांना परवडेल आणि खरोखर उपयोगी पडेल असे शरीररचनेचे पुस्तक काढण्याची कल्पना त्यांनी कार्टरांपुढे मांडली. मजकूर ग्रे यांचा आणि चित्रे कार्टरांची, असे ठरले. सुमारे दीड वर्ष दोघांनी शवविच्छेदनाच्या टेबलावर काम केले. पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रे होती. कार्टरांनी त्यांत एक साधी पण फार मोलाची सोय केली. इतर पुस्तकांत चित्रावर क्रमांक असत आणि नावे दुसरीकडे छापलेली असत. कार्टरांनी स्नायू, शीर, हाड यांची नावे त्या त्या अवयवावरच लिहिली. विद्यार्थ्याची नजर चित्रावरून हलण्याची गरज उरली नाही.

पुस्तक गाजले. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळायचे ठरले होते. कार्टरांना एकदाच १५० पौंड मिळाले. पुस्तकाच्या शीर्षकपानावर दोघांची नावे सारख्या टायपात जुळवली होती. ग्रे यांनी कार्टरांचे नाव लहान टायपात करायला लावले. पुढे १८६१ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी देवीच्या रोगाने ग्रे वारले. पुस्तकाला मात्र त्यांचेच नाव कायमचे चिकटले. कार्टरांनी याबद्दल कधी भांडण केले नाही. पुस्तक छापून होईपर्यंत ते इंग्लंड सोडून गेले होते.

मुंबईस आगमन

१८५८ साली कार्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन मुंबईस आले. सत्तावन्नचा उठाव शमत होता, कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य येत होते. भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड हे याच कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. या कॉलेजात कार्टर शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांचे प्राध्यापक झाले, आणि शेजारच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात साहाय्यक शल्यवैद्य म्हणून काम पाहू लागले.

ज्या माणसाने लंडनमध्ये निरोगी शरीराचा प्रत्येक स्नायू रेखाटला होता, त्याच्यासमोर आता रोगाने बिघडलेली शरीरे येऊ लागली. त्यांत एका प्रकारच्या पायांनी त्यांचे लक्ष वेधले.

हा रोग त्यापूर्वी मद्रास इलाख्यातील डॉक्टरांनी पाहिलेला होता. मदुरेच्या दवाखान्यात १८४०च्या दशकात त्याची नोंद झाली आणि मदुरा पाय हे नाव रूढ झाले. कोकण-देशावरूनही असे रोगी मुंबईच्या रुग्णालयात येत. बहुतेक शेतकरी, गुराखी, मजूर, अनवाणी चालणारे. कधीतरी काटा रुतलेला असे. त्या जागी एक कठीण गाठ येई. दुखत नसल्यामुळे माणूस तिच्याकडे लक्ष देत नसे. कुरूप असेल म्हणून सोडून देई. वर्षे जात. पाऊल सुजून बेढब होई, त्याला भोके पडत, आणि त्या भोकांतून पाण्यासारख्या पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर येत. कोणाचे दाणे बंदुकीच्या दारूसारखे काळे, तर कोणाचे माशाच्या गाभोळीसारखे पांढरट पिवळे. शेवटी हाडेही पोखरली जात. त्या काळी यावर उपाय एकच होता, आणि तो म्हणजे पाय कापणे. शेतकऱ्याचा पाय गेला की शेत गेले आणि घरही बसले.

काळ्या दाण्यांचे गुपित

कापलेले पाय रुग्णालयातून कार्टरांकडे येऊ लागले. त्यांनी ते उभे-आडवे चिरले, त्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि चित्रे काढली. आत जे दिसले ते असे. मांसात आणि हाडांत गोल पोकळ्या होत्या, त्यांना आतून जाड अस्तर होते, पोकळ्या एकमेकींना बोगद्यांसारख्या वाटांनी जोडलेल्या होत्या, आणि त्या सगळ्यांत दाणे खच्चून भरलेले होते. दाणा फोडून पाहिला तर तो रक्ताची गुठळी नव्हता आणि हाडाचा चुराही नव्हता. बारीक तंतूंचे जाळे घट्ट विणून तो बनला होता. भाकरीवर किंवा ओल्या चामड्यावर येणाऱ्या बुरशीसारखे ते तंतू होते.

१८६० साली मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या अंकात कार्टरांनी हा शोध मांडला. हा रोग बुरशीचा आहे आणि ती बुरशी शरीरात खोल घर करून राहते, हे त्यांचे प्रतिपादन होते. लवकरच त्यांनी रोगाला नवे नाव दिले. ग्रीक भाषेतील बुरशी आणि गाठ या अर्थाचे शब्द जोडून त्यांनी मायसेटोमा हा शब्द बनवला. आज जगभर हेच नाव चालते.

त्या काळाचा विचार केला म्हणजे या शोधाचे मोल कळते. रोग हवेतल्या दुर्गंधीने होतात असे तेव्हा पुष्कळ डॉक्टर मानत. कॉखचा क्षयाचा जंतू सापडायला अजून बावीस वर्षे होती. गजकर्णासारख्या कातडीच्या रोगांत बुरशी असते हे युरोपात कळले होते. पण हाडापर्यंत पोचून माणसाचा पाय आतून पोखरणारी बुरशी, ही गोष्ट नवीन होती.

साताऱ्याची वर्षे

१८६३ साली कार्टरांची बदली सातारला सिव्हिल सर्जन म्हणून झाली. तेथे ते १८७२ पर्यंत होते. जिल्ह्याच्या तुरुंगाची देखरेखही त्यांच्याकडे होती. मुंबईत पाय कापून झाल्यावर त्यांच्या हाती येई. साताऱ्यात रोगी आपल्या गावात, आपल्या शेतात होता. कार्टर रोगी तपासत, तो कोठला, काय काम करतो, दुखणे कधी सुरू झाले हे लिहून घेत, आणि नमुने जपून ठेवत. इतर ठिकाणचे डॉक्टरही त्यांच्याकडे नोंदी पाठवीत.

या सगळ्या कामाचे पुस्तक १८७४ साली लंडनला निघाले. मायसेटोमा अथवा हिंदुस्थानातील बुरशीरोग, हा त्याचा विषय. त्यात त्यांनी स्वतः काढलेली चित्रे आहेत. काळ्या दाण्यांचा आणि पांढरट दाण्यांचा असे रोगाचे वेगळे प्रकार त्यांनी नोंदवले. तांबडे दाणेही नोंदवले. ग्रे यांच्या पुस्तकातील पायाचे चित्र आणि या पुस्तकातील पायाचे चित्र शेजारी ठेवली, तर एकाच माणसाने निरोगी आणि रोगी पाऊल किती बारकाईने पाहिले याची साक्ष पटते.

गुलाबी बुरशीचा चकवा

कार्टरांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. जपून ठेवलेल्या काही नमुन्यांवर गुलाबी-तांबडी बुरशी उगवली. हीच रोगाची बुरशी असावी असे त्यांना वाटले. इंग्लंडमधील बुरशीतज्ज्ञ रेव्हरंड बर्कले यांनी तिला कार्टरांचे नावही दिले. पण कलकत्त्याचे लुईस आणि कनिंगहॅम या डॉक्टरांनी १८७५ साली दाखवून दिले, की ही बुरशी बाहेरून येऊन नमुन्यावर बसलेली असावी. पुढे तेच खरे ठरले.

दुसरा उलगडा कार्टरांच्या हयातीतच झाला. मुंबईचे पारशी डॉक्टर नसरवानजी सर्व्हेयर यांनी रुबर्ट बॉइस यांच्याबरोबर इंग्लंडमध्ये काम करून १८९४ साली दाखवले, की या रोगामागे एकाहून अधिक कारणे आहेत. काळ्या दाण्यांत खरी बुरशी असते. पांढरट दाण्यांच्या बऱ्याच रोग्यांत बुरशीसारखे तंतू काढणारे जिवाणू असतात. दाण्यांचे रंग वेगळे नोंदवून ठेवण्याचे कार्टरांचे काम येथे उपयोगी पडले. दोन्ही प्रकारांत पाय सारखाच दिसतो, पण औषध अगदी वेगळे लागते. आजही डॉक्टर आधी दाणा तपासायला पाठवतात तो याच कारणाने.

महारोग आणि दुष्काळी ताप

कार्टरांचे काम एवढ्यावर थांबले नाही. महारोगाचा अभ्यास करण्यासाठी १८७३च्या सुमारास ते नॉर्वेत गेले. तेथे हान्सेन यांना नुकताच महारोगाचा जंतू दिसला होता. महारोग हा पापाचे फळ किंवा घराण्याचा शाप नसून त्याला जंतू कारण आहे, हा विचार हिंदुस्थानात आणणाऱ्यांपैकी कार्टर एक होते. नॉर्वेतील महारोगी आश्रमांचा अहवाल त्यांनी १८७४ साली दिला, आणि परत आल्यावर काठेवाडातील रोग्यांची पाहणी केली.

१८७६ ते ७८ या वर्षांत दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. सोलापूर, सातारा, पुणे या भागांतून हजारो भुकेली माणसे मुंबईकडे लोटली. १८७७ साली त्यांच्यात एक ताप पसरला. तो आठवडाभर राही, उतरे आणि पुन्हा उलटे. कार्टरांनी रोग्यांच्या बोटातले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू त्यांना दिसले. बर्लिनच्या ओबरमायर यांनी ते आधी पाहिले होते. कार्टरांनी ते हिंदुस्थानात दाखवून दिले, आणि माकडाला तोच ताप आणून जंतू आणि रोग यांचे नाते पक्के केले. शवविच्छेदन करताना त्यांना स्वतःलाही हा ताप आला. १८८२ साली त्यांचा या तापावरील ग्रंथ निघाला आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्यांना पारितोषिक दिले. मलेरियाचा जंतूही त्यांनी १८८७ साली मुंबईत रोग्यांच्या रक्तात पाहिला.

दरम्यान ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले होते. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयाचे कामही त्यांनी पाहिले. १८८८ साली निवृत्त होऊन ते स्कारबरोला परतले. १८९० साली राणीचे मानद वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी, एकोणसाठाव्या वर्षी, त्यांनी लग्न केले आणि त्यांना दोन मुले झाली. संसाराचे सुख मात्र फार काळ लाभले नाही. ४ मे १८९७ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ज्यांनी जंतूंचा पाठलाग केला त्यांना शेवटी एका जंतूनेच गाठले.

औषध जागेवर पोचावे कसे?

कार्टरांनी बुरशीचे घर दाखवले, पण त्या घरात शिरणारे औषध त्यांच्या हाती नव्हते. ते शोधायला पुढे अर्धशतक लागले, आणि औषध सापडल्यावर ते घरात पोचवायचे कसे हा नवा प्रश्न उभा राहिला. कार्टरांची चित्रे पाहिली की अडचण ध्यानात येते. औषध रक्तातून जाते. दाण्यांभोवती जुन्या व्रणाचे जाड अस्तर असते, आत रक्तवाहिन्या थोड्या. त्यापलीकडे दाणा स्वतःच सिमेंटसारख्या पदार्थाने घट्ट बांधलेला असतो. काळ्या दाण्यातले काळे द्रव्यही बुरशीचे संरक्षण करते. किल्ल्याला वेढा घातला तरी तोफगोळा बालेकिल्ल्यावर पडत नाही, अशी गत होते.

औषधांच्याही आपापल्या खोडी आहेत. १९५० साली अमेरिकेत हेझन आणि ब्राउन या दोन विदुषींनी निस्टॅटिन शोधले. ते तोंडातल्या आणि कातडीवरच्या बुरशीला मारते, पण गिळले तर आतड्यातून रक्तात जातच नाही. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथल्याच मातीतील जीवापासून १९६१च्या सुमारास हॅमायसिन काढले. तेही याच कुळातले, आणि मुख्यतः वरून लावण्यासाठी वापरले गेले. ग्रिसिओफल्विनची गोष्ट आणखी शिकवणारी आहे. त्या गोळीतली पूड जितकी बारीक केली तितके ते अधिक शोषले जाऊ लागले, आणि तुपातेलाच्या जेवणाबरोबर घेतल्यास आणखी बरे. औषध तेच, फरक पडला तो ते देण्याच्या रीतीमुळे.

सगळ्यांत प्रभावी निघाले ते अँफोटेरिसिन. ते १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतून मिळाले. पण ते पाण्यात विरघळत नाही. पित्तातील क्षाराच्या मदतीने त्याचे इंजेक्शन बनवले, तेव्हा रोग्यांना हुडहुडी भरून ताप येऊ लागला आणि मूत्रपिंडे बिघडू लागली. बुरशी मरायची, पण रोगीही जेरीस यायचा.

त्यावर उतारा सापडला तो स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म फुग्यांत. इंग्लंडच्या अॅलेक बँगहॅम यांना १९६०च्या दशकात दिसले होते, की विशिष्ट स्निग्ध पदार्थ पाण्यात ढवळले की त्यांचे आपोआप पोकळ फुगे बनतात. त्यांना लिपोसोम म्हणतात. अशा फुग्यांच्या भिंतीत अँफोटेरिसिन बसवले, तर ते मूत्रपिंडाला फारसे न डिवचता बुरशीपर्यंत जाते आणि अधिक मात्रेत देता येते. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या साथीने हे लिपोसोमचे औषध भारतात तयार केले, रोग्यांवर तपासले, आणि पुढे ते बाजारात आले. परळचे केईएम आणि भायखळ्याचे कार्टरांचे कॉलेज यांच्यात अंतर थोड्याच किलोमीटरांचे. मधला काळ मात्र सव्वाशे वर्षांचा.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस महाराष्ट्रात पसरली, तेव्हा याच इंजेक्शनासाठी लोक दारोदार फिरले. इथल्या घरांतूनही गावाकडच्या नातलगांसाठी रात्री-अपरात्री फोन झाले. तेव्हाही डॉक्टरांना सुरी हाती घ्यावी लागली. ही बुरशी रक्तवाहिन्याच बंद करते, आणि जेथे रक्त जात नाही तेथे उत्तमातले औषधही जात नाही. मेलेला भाग काढल्यावाचून उपाय राहत नाही. मुंबईच्या टेबलावर कार्टरांना जे दिसले होते, त्याचाच हा वेगळा प्रत्यय.

मदुरा पायाची लढाईही संपलेली नाही. जिवाणूंच्या प्रकारावर प्रतिजैविके चांगली लागू पडतात. बुरशीच्या प्रकाराला मात्र इट्राकोनाझोलच्या गोळ्या महिनोन्महिने, कधी वर्षभर किंवा अधिक घेऊन वर शस्त्रक्रिया करावी लागते. मजुराला इतका काळ रोज गोळी परवडत नाही आणि झेपतही नाही. सुदानमध्ये हा रोग फार. तेथे खार्टूमच्या मायसेटोमा संशोधन केंद्रात आठवड्यातून एकदाच घ्यायच्या नव्या गोळीची चाचणी २०१७ साली सुरू झाली आणि तिचे उत्साहजनक निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. मात्र २०२३ साली सुरू झालेल्या युद्धात ते केंद्र उद्ध्वस्त झाले. जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ साली, म्हणजे कार्टरांच्या पहिल्या लेखानंतर १५६ वर्षांनी.

आपण काय घ्यावे?

थोरांचे चरित्र वाचून नुसता नमस्कार केला तर ते वाया जाते. म्हणून चार गोष्टी घरच्या घरी ध्यानात ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते.

चिखल्या आणि गजकर्ण यांवरचे मलम खाज थांबल्यावर लगेच सोडू नये. वरची कातडी बरी दिसली तरी बुरशी तिच्या थरांत असते. डॉक्टर सांगतील तितके दिवस मलम लावावे. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, मोजे रोज बदलावेत. ओल्या, कोंडलेल्या जागी औषध हरते आणि बुरशी जिंकते. नखात शिरलेली बुरशी साध्या मलमाने सहसा जात नाही, कारण नखाची ढाल मलमाला आत जाऊ देत नाही. तिथे गोळ्या किंवा नखावर लावायचे खास औषध लागते.

गावाहून मागवलेल्या मिश्र मलमांपासून मात्र सावध राहावे. त्यांतील कित्येकांत स्टेरॉइड असते. त्याने खाज आणि लाली झटकन जाते, पण बुरशी आत पसरते. भारतात अशा मलमांच्या वापराबरोबर औषधांना न जुमानणारे गजकर्ण वाढले आहे. त्या बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी वेगळे नावही दिले. डॉक्टरांनी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्या तर त्या पोटभर जेवणानंतर लगेच घ्याव्यात. पोटातले आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण आम्लावाचून हे औषध रक्तात नीट उतरत नाही.

शेवटची गोष्ट सुट्टीत गावी जाणाऱ्यांसाठी. इथे वाढलेली मुले साताऱ्याला किंवा कोकणात आजोळी गेली की हौसेने अनवाणी रानात धावतात. धावू द्यावे, पण पायात काहीतरी असावे. काटा रुतलेल्या जागी पुढे न दुखणारी कठीण गाठ राहिली, तर ती कुरूप समजून वर्षानुवर्षे बाळगू नये. गावाकडच्या काका-मामांच्या पायाला अशी गाठ दिसली तर त्यांना धरून डॉक्टरांकडे न्यावे. गाठ लहान असताना तेवढी काढून पाय वाचतो. उशीर झाला तर आजही, इतक्या औषधांच्या काळात, पाय जाऊ शकतो.

ग्रे यांच्या पुस्तकावर कार्टरांचे नाव लहान टायपात छापले गेले, आणि ज्या बुरशीला त्यांचे नाव दिले ती चुकीची निघाली. साताऱ्याच्या ज्या शेतकऱ्यांचे पाय त्यांनी तपासले त्यांची नावे तर कोणालाच माहीत नाहीत. पण आज कोठल्याही देशात एखादा डॉक्टर सुजलेले पाऊल पाहून मायसेटोमा हा शब्द उच्चारतो, तेव्हा तो कार्टरांनी दिलेला शब्द उच्चारतो, आणि दाणा काचेवर ठेवून पाहतो तेव्हा त्यांनीच घालून दिलेल्या वाटेने जातो.